जोडीदाराला डिमेन्शिया झाला तर: घरातली काळजी, सह्यांपासून कातरवेळेपर्यंत

साठी-सत्तरीतल्या नवऱ्याला किंवा बायकोला डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृती आणि विचारशक्ती हळूहळू ढासळण्याच्या आजाराचं, निदान झालं की त्यांना सांभाळणारं माणूसही बहुधा त्याच वयाचं असतं. त्याचीही कंबर दुखते, त्यालाही रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतात. म्हणून या लेखातली प्रत्येक सूचना दोघांचा विचार करून दिली आहे. रुग्णाला बरी वाटणारी पण सांभाळणाऱ्याला महिन्याभरात आडवं पाडणारी पद्धत घरात टिकत नाही.

निदान पक्कं आहे ना?

विसराळूपणाची काही कारणं उपचारांनी सुधारतात, आणि ती शोधायची राहून गेली तर नुकसान कायमचं होतं. थायरॉइड कमी असणं, बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत ही विशेष आढळते), रक्तातलं सोडियम घसरणं, नैराश्य, पडल्यानंतर मेंदूभोवती हळूहळू साचलेलं रक्त, ही त्यातली नेहमीची. टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२, सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिमोग्राम आणि मेंदूचा सीटी किंवा एमआरआय एवढं झालेलं असायला हवं. ऐकू कमी येतं का, मोतीबिंदू आहे का, हेही पाहून घ्या. न ऐकल्यामुळे चुकलेलं उत्तर घरच्यांना 'विसरले' असंच वाटतं.

डॉक्टरांना प्रकार विचारा. अल्झायमर सर्वांत जास्त आढळतो. मेंदूच्या रक्तवाहिन्यांमुळे होणाऱ्या प्रकारात रक्तदाब आणि साखर ताब्यात ठेवणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो. 'ल्यूई बॉडी' प्रकारात नसलेली माणसं किंवा प्राणी स्पष्ट दिसतात, चाल पार्किन्सनसारखी होते आणि हॅलोपेरिडॉलसारखी, भास आणि आक्रमकपणा आवरायला दिली जाणारी औषधं धोकादायक ठरतात. हा प्रकार असेल तर तसं ठळक लिहिलेला कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा, कारण रात्री दवाखान्यात भरती करताना ड्युटीवरच्या डॉक्टरला ते माहीत नसतं.

सह्या आणि पैसे: हे काम पहिल्या तीन महिन्यांतलं

पुष्कळ जण कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) करून निश्चिंत होतात. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, ते लिहून देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या अक्षम झाली की मुखत्यारी संपते. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद लंगडा होतो. नंतर बायकोच्या नावावरचा फ्लॅट विकायचा किंवा नवऱ्याची ठेव मोडायची म्हटलं, तर पालक म्हणून नेमणूक मिळवायला न्यायालयात जावं लागतं, आणि त्यात वेळ व पैसा दोन्ही जातात. म्हणून जोडीदाराला समजतंय तोवर ही कामं उरका:

बचत खातं दोघांच्या नावावर आणि 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणाही एकाच्या सहीने चालणाऱ्या) पद्धतीचं करून घ्या. मुदत ठेवींच्या पावत्यांवरही तीच सूचना नोंदवलेली आहे ना, हे बँकेत विचारा, कारण खातं तसं असलं तरी ठेव तशी असेलच असं नाही. ठेवी, विमा, डिमॅट, पोस्टातली गुंतवणूक, सगळीकडची नॉमिनीची नोंद तपासा. मृत्युपत्र करायचं असेल तर दोन साक्षीदार लागतात. त्याच दिवशीचं, 'सारासार विचार करण्यास सक्षम' असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडलं तर पुढचे वाद टळतात.

फसवणूक करणाऱ्या फोनना अशी माणसं चटकन बळी पडतात. त्यांच्या मोबाइलवरचं पैसे पाठवण्याचं अ‍ॅप काढा, कार्डाची मर्यादा कमी करा. खिशात मात्र शे-दोनशे रुपये राहू द्या. आयुष्यभर खिशात पाकीट बाळगलेल्या माणसाला रिकामा खिसा बेचैन करतो. पेन्शन असेल तर हयातीचा दाखला घरबसल्या देण्याची सोय बँकेत किंवा पोस्टात विचारून ठेवा.

बोलण्याची रीत

सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगी बदल इथे आहे. खरं-खोटं सिद्ध करण्याचा आग्रह सोडायचा. पती-पत्नींना हे मुलांपेक्षा जड जातं, कारण चाळीस वर्षं एकमेकांच्या चुका दाखवायची सवय असते. 'आत्ताच तर सांगितलं', 'आठवून बघा ना', 'दहा वेळा तेच काय विचारता' ही तीन वाक्यं घरातून हद्दपार करा. रुग्णाला माहिती विसरायला होते, पण ओरडा खाल्ल्याची खंत मनात रेंगाळते. का वाईट वाटतंय हे कळत नाही आणि दिवसभर चिडचिड होते.

समोर जा, डोळ्यांच्या पातळीवर या, 'अहो' किंवा नेहमीच्या नावाने हाक मारा. एका वाक्यात एकच गोष्ट सांगा. सांगून झाल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा. मेंदूला शब्द लावायला तेवढा वेळ लागतो, आणि मध्येच दुसऱ्या शब्दांत तेच सांगितलं तर पहिलंही पुसलं जातं. 'काय खाणार?' असं मोघम विचारू नका. 'पोहे की उपमा?' चालतं. पुढच्या टप्प्यात तेही नको, पोह्यांची बशीच समोर धरा.

आई वारून तीस वर्षं झाली आणि 'आई कुठे गेली?' असा प्रश्न आला, तर 'आई गेली' हे सांगणं दर वेळी नवं सुतक देण्यासारखं आहे. 'आईची आठवण आली का? त्या पुरणपोळी कशी करायच्या?' असं विचारा आणि ऐका. हे फसवणं नाही. त्या प्रश्नामागे बहुतेक वेळा भीती, भूक किंवा एकटेपणा असतो आणि उत्तर त्यालाच द्यायचं असतं.

'पैसे तूच चोरलेस' किंवा 'तुझं बाहेर कुणाशी तरी आहे' असे आरोप सर्वांत जास्त जोडीदारावरच होतात. जिव्हारी लागतात, पण ते आजाराचे असतात. वस्तू ठेवल्याचं आठवत नाही, मग मेंदू ती पोकळी चोरीने भरून काढतो. सफाई देत बसू नका. 'पाकीट सापडत नाही का? चला, दोघं शोधू' म्हणा. त्यांच्या लपवायच्या जागा (गादीखाली, तांदळाच्या डब्यात, देवघरामागे) लक्षात ठेवा. चष्मा, किल्ल्या आणि पाकीट यांचा दुसरा जोड आणून ठेवा.

भेटायला येणारे 'ओळखलंत का मला?' असं विचारतात. ही परीक्षा थांबवणं तुमचं काम. दारातच सांगा, 'आल्यावर स्वतःचं नाव सांगा.' 'वहिनी, मी खालच्या मजल्यावरचा सुनील' एवढ्याने भेट सुखाची होते.

घर

तळघरापासून गच्चीपर्यंत सगळं एकदम बदलू नका. ओळखीची मांडणी हाच त्यांचा नकाशा असतो. एवढं मात्र लगेच करा. न्हाणीघर आणि संडासाच्या दाराची आतली कडी काढा. कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी भिंतीत पक्के बसवलेले दांडे लावा, जमिनीपासून साधारण ३३ ते ३६ इंचांवर. चिकटवायचे दांडे भार पडला की निसटतात. पायपुसणी आणि सुट्या सतरंज्या उचला. पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा हवा. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड दिसत नाही, त्यावर गडद रंगाचं सीट बसवा. दारावर शब्दाबरोबर चित्रही लावा.

स्वयंपाक झाला की गॅसचा रेग्युलेटर बंद करायची सवय लावून घ्या. पाइपचा गॅस असेल तर भिंतीवरचा कॉक. देवघरात निरांजनाऐवजी विजेची पणती ठेवा, पण दिवा लावायचा मान त्यांच्याकडेच राहू द्या. गीझरचं तापमान ५० अंशांच्या वर नको. आरशातल्या माणसाशी भांडण होत असेल तर आरशावर पडदा टाका.

आंघोळ

घरोघरी सर्वांत मोठा संघर्ष इथेच होतो. कारणं खरी असतात. थंडी वाजते, डोक्यावरून पाणी आलं की गुदमरल्यासारखं होतं, तोल जाईल अशी भीती वाटते, आणि दुसऱ्याने कपडे उतरवणं अपमानाचं वाटतं.

१. वेळ त्यांची जुनीच ठेवा. सकाळी सहाला आंघोळ करणाऱ्याला अकराला न्यायला गेलात तर नकार येणारच.

२. आधी सगळी तयारी. बादलीत पहिल्यांदा गार पाणी, मग गरम. कोपर बुडवून पाहा. टॉवेल, आणि घालायच्या क्रमाने रचलेले कपडे हाताशी. पंखा बंद.

३. 'आंघोळ करायची का?' हा प्रश्न नको. 'पाणी काढलंय, चला' म्हणा आणि हात पुढे करा.

४. बसायला १६ ते १८ इंच उंचीचं, पायांना रबरी बुटं असलेलं स्टूल घ्या. प्लॅस्टिकची हलकी खुर्ची ओल्या फरशीवर सरकते आणि माणूस मागच्या मागे पडतो.

५. मांडीवर पंचा राहू द्या. पाणी पायांपासून वर आणा, डोकं सर्वांत शेवटी. केस वेगळ्या दिवशी धुतलेले बरे. तांब्या त्यांच्या हातात द्या, जमेल तेवढं ते स्वतः करतील.

६. काखा, जांघा, स्तनांखाली, बोटांच्या बेचक्यांत नीट कोरडं करा. इथे ओल राहिली की गजकर्ण होतं आणि खाजेमुळे रात्रभर झोप येत नाही.

नकार आला तर ओढाताण करू नका. वीस मिनिटांनी नव्याने विचारा. आपल्याकडे रोज आंघोळ झालीच पाहिजे असा संस्कार आहे, पण आठवड्यातून दोन-तीनदा आंघोळ आणि बाकी दिवशी कोमट पाण्यात पिळलेल्या पंचाने तोंड, काखा, जांघा पुसणं, एवढ्याने त्वचा चांगली राहते.

कपडे, जेवण, शौच

बटणं आणि नाड्या हाताला जमेनाशा होतात. परकराला इलॅस्टिक, साडीऐवजी पुढून उघडणारा गाऊन, पुरुषांना इलॅस्टिकचा पायजमा. साडी सोडायला बायको तयार नसेल तर आधी शिवलेली साडी मिळते, ती चालून जाते. मंगळसूत्र आणि बांगड्या ओढल्या जात असतील तर खऱ्यांच्या जागी हलक्या, खोट्या ठेवा. रिकामा गळा त्यांना टोचतो.

ताटात पाच पदार्थ वाढले की कशापासून सुरुवात करावी हे सुचत नाही. एका वेळी एकच वाटी. ताट आणि अन्न यांचे रंग वेगळे हवेत: पांढऱ्या ताटात दहीभात दिसतच नाही. चमचा अडखळायला लागला की हातात धरून खाता येईल असं द्या, धिरड्याचे तुकडे, इडली, मऊ थालीपीठ, केळं, उकडलेल्या अंड्याच्या फोडी. दर महिन्याला एकाच काट्यावर वजन करा. महिन्यात पाच टक्के घटलं, म्हणजे ६० किलोचे ५७ झाले, तर डॉक्टरांना कळवा. त्याआधी कवळी सैल झाली आहे का, दात दुखतोय का, बद्धकोष्ठ आहे का ते पाहा.

ठसका लागू लागला की सावध व्हा. खाताना पाठ सरळ, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पातळ पाणी आणि चहा यांचा ठसका जास्त लागतो. ते घट्ट कसे करायचे हे गिळण्याच्या थेरपिस्टकडून शिकून घ्या. दुधात चुरमुरे, रस्सा-भातात अख्खे दाणे, असे पातळ आणि घन एकत्र असलेले पदार्थ सर्वांत धोक्याचे. वाटून एकजीव केलेला मऊ भात, मूगडाळीची खिचडी, शिरा सोपा जातो.

दर दोन तासांनी, आणि उठल्यावर, जेवणानंतर, झोपण्याआधी संडासात नेऊन बसवा. 'लागली का?' असं विचारून उपयोग नाही, कारण ती जाणीवच मंदावलेली असते. अस्वस्थ येरझाऱ्या, कपडे चाचपणं या खुणा ओळखा. संध्याकाळी सातनंतर पाणी कमी द्या, पण दिवसभराचं कमी करू नका. लघवी होऊ नये म्हणून पाणी तोडलं की जंतुसंसर्ग होतो आणि सगळंच बिघडतं. डायपर कमरेच्या व नितंबांच्या मापाने घ्या. चालत्या माणसाला पँटसारखा, अंथरुणावरच्याला चिकटपट्टीचा. दर तीन-चार तासांनी पाहा. तीन दिवस शौचाला झालं नाही तर तो डॉक्टरांना सांगण्याचा विषय आहे. मळाचा खडा बसला की त्याच्या बाजूने पातळ पाणी येतं आणि घरचे जुलाब थांबवायचं औषध देतात, जे नेमकं उलटं पडतं.

कातरवेळ आणि रात्र

दिवेलागणीला अनेकांची घालमेल वाढते. स्वतःच्याच घरात 'मला घरी सोडा' सुरू होतं. दिवसभराचा थकवा, कमी झालेला उजेड, लांबलेल्या सावल्या आणि बिघडलेलं शरीराचं घड्याळ यांचा हा परिणाम. पाचलाच सगळे दिवे लावा, पडदे ओढा, टीव्हीवरच्या भांडणाच्या मालिका बंद. सकाळी अर्धा तास उन्हात चालणं झालं तर रात्रीची झोप सुधारते. दुपारची झोप अर्ध्या तासाची ठेवा, चहा-कॉफी दुपारी तीनपर्यंतच.

या वेळेला हातांना काम द्या. मेथी निवडणं, वाटाणे सोलणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या. घडी वाकडी झाली तरी त्यांच्यासमोर पुन्हा घालू नका. लहानपणी पाठ केलेल्या आरत्या, स्तोत्रं, पाढे फार उशिरापर्यंत शाबूत राहतात. कालचं जेवण न आठवणारी बाई अख्खी आरती म्हणते. तुम्ही सुरुवात करून द्या. 'घरी जायचंय' म्हटलं की 'हेच आपलं घर' असा वाद घालण्यापेक्षा चप्पल घालून सोसायटीत एक फेरी मारून या. परत आल्यावर पुष्कळदा ते घरच असतं.

घराबाहेर निघून गेले तर

तयारी आधी करायची. हातात नाव नसलेलं, फक्त दोन मोबाइल क्रमांक कोरलेलं कडं, प्रत्येक शर्टाच्या खिशात तेच क्रमांक असलेला कागद. वॉचमन, किराणावाला, रिक्षास्टँड, बसथांबा इथे सांगून ठेवा. आजार लपवला तर मदत करणारे डोळे कमी होतात. दाराला वरच्या टोकाला जादा कडी लावा, सहसा तिथे नजर जात नाही. मात्र माणसाला एकटं कोंडून कधीही बाहेर जाऊ नका. दर महिन्याला त्यांचा एक फोटो काढून ठेवा.

गेल्याचं कळलं की पहिली पंधरा मिनिटं घर, जिना, गच्ची, पार्किंग आणि जवळचं देऊळ. मग लगेच ११२ आणि पोलीस ठाणं. 'चोवीस तास थांबा' असा नियम नाही, बेपत्ता झाल्याची तक्रार तत्काळ नोंदवता येते. एक माणूस घरीच थांबवा. जुनं घर, जुनं ऑफिस, माहेर या दिशांना दुसऱ्यांना पाठवा. सापडल्यावर रागावू नका, पाणी द्या, पाय तपासा.

औषधं

आजार बरा करणारं औषध आजही नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्माइन, मेमँटिन यांनी काहींना काही काळ थोडा आधार मिळतो. डोनेपेझिल साधारण ५ मिग्रॅने सुरू होतं आणि चार ते सहा आठवड्यांनी वाढवतात. मळमळ, जुलाब, भयानक स्वप्नं, मंद नाडी यांवर लक्ष ठेवा. स्वप्नं पडत असतील तर रात्रीची गोळी सकाळी देता येईल का, विचारा. नाडी मिनिटाला ५० च्या खाली गेली किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी फोन करा. रिव्हास्टिग्माइनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावताना कालचा काढलाय ना हे आधी पाहा. दोन पॅच एकदम राहिले तर औषधाचा अतिडोस होतो.

सर्दीच्या साध्या गोळीतलं क्लोरफेनिरामाइन, लघवी रोखायचं ऑक्सिब्युटिनिन, झोपेच्या गोळ्या, यांनी गोंधळ वाढतो. दुकानातून परस्पर काही आणू नका. आक्रमकपणा आवरायला दिल्या जाणाऱ्या मानसिक आजारांच्या गोळ्यांनी वृद्ध डिमेन्शिया रुग्णांत पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो. त्या लागल्याच तर कमीत कमी डोस, आणि 'कधी थांबवायची?' हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा.

अचानक बिघडलं तर तो डिमेन्शिया नाही

हा आजार बहुधा महिन्यांनी सरकतो, तासांनी नाही. काल चालणारं माणूस आज उठेना, सारखं पेंगू लागलं, चादर खुडू लागलं, कधी नव्हे तो मारायला धावलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, घसरलेलं सोडियम, नवं औषध, लपलेलं दुखणं, ही कारणं शोधली की सापडतात. 'आता आजार वाढला' म्हणून घरी बसवून ठेवणं ही सर्वांत महाग पडणारी चूक. भरती करावं लागलं तर चष्मा आणि कानयंत्र सोबत न्या. ओळखीचं माणूस रात्रंदिवस जवळ हवं.

अंथरुणाला खिळल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, टाचा उशीच्या आधाराने अधांतरी ठेवा, हवेची गादी वापरा. दाबल्यावरही न जाणारी लाली म्हणजे अंथरुणाच्या जखमेची (बेडसोर) सुरुवात. शेवटच्या टप्प्यात नाकातून नळी घालण्याचा प्रश्न येतो. त्या अवस्थेत नळीने आयुष्य वाढतं किंवा न्यूमोनिया टळतो असं दिसून आलेलं नाही. हळूहळू, आवडीचं, हाताने भरवणं हाही पूर्ण उपचारच आहे. हे सगळ्या मुलांशी आधीच बोलून ठेवा.

नवरा-बायको म्हणून

ज्या माणसाशी मन मोकळं करायचं, तेच समोर असून नसल्यासारखं होतं. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. 'तुम्ही कोण? माझी बायको कुठे आहे?' हे ऐकल्यावर रडू येणं स्वाभाविक आहे. त्या क्षणी 'मी तुमची काळजी घ्यायला आलेय' एवढं म्हटलं तरी पुरे. हात धरणं, केस विंचरणं, शेजारी बसून चहा पिणं हे दोघांनाही लागतं. शरीरसंबंधांची अवेळी मागणी वाढली किंवा तुम्हाला ते नकोसं झालं, तर वेगळ्या पलंगावर झोपण्यात काही गैर नाही, आणि ही गोष्ट डॉक्टरांना सांगण्यासारखीच आहे.

मदतीसाठी बाई किंवा मामा ठेवताना पहिले तीन-चार दिवस तुम्ही सोबत थांबा. दिनक्रम, आवडी, चिडण्याची कारणं एका पानावर लिहून भिंतीला लावा. परगावच्या मुलांना 'काळजी घे' म्हणण्याऐवजी नेमकं काम द्या: बिलं, औषधांची ऑर्डर, वर्षातून दोनदा पंधरा-पंधरा दिवस येऊन राहणं. १९९२ मध्ये सुरू झालेल्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया'च्या शाखा शहरांत आहेत, तिथे सांभाळणाऱ्यांचे गट भेटतात. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७, आणि स्वतःचं मन खचलं तर टेलिमानस १४४१६. आठवड्यातली एक दुपार पूर्ण तुमची ठेवा, आणि ती वाणसामानात घालवू नका.

शेवटचं एक काम आजच करा. तुम्हीच अचानक आजारी पडलात तर काय, याचं पाकीट तयार करा. त्यात औषधांची यादी वेळांसह, डॉक्टरांचा क्रमांक, आधारकार्ड आणि विम्याच्या प्रती, भिंतीवरच्या पानाची झेरॉक्स, आणि पहिल्या दोन रात्री कोण येऊन झोपेल त्याचं नाव. त्या माणसाला विचारून, 'हो' घेऊन, घराची एक किल्ली त्याच्याकडे देऊन ठेवा.